चहाची वेळ, चहाची जागा



ज्या डॉक्टरसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते पेशंट समोर बसला की आधी विचारायचे, "दिवसभरात पोटात काय काय जातं?" औषधाची चिठ्ठी त्यानंतर. त्यांच्या नावाच्या व्याख्यानासाठी विषय शोधताना मला म्हणूनच फार लांब जावं लागलं नाही. आपल्या नांदेड-लातूर भागात पाण्याखालोखाल जे पोटात जातं, त्या चहाबद्दल मी आज बोलणार आहे.

काळा चहा चांगला की हिरवा? गुळाचा बरा की साखरेचा? गवती चहाने काय होतं? लोक मला हे नेहमी विचारतात. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. चहाचा प्रकार बदलून जेवढा फायदा होतो, त्याहून कितीतरी जास्त फायदा त्याची वेळ आणि जागा बदलून होतो. वेळ म्हणजे जेवणापासूनचं अंतर. जागा म्हणजे तो अन्नाबरोबर येतो, अन्नानंतर येतो की अन्नाच्या ऐवजी येतो, हा प्रश्न. मराठवाड्यात हा प्रश्न आवडीनिवडीच्या पलीकडचा आहे. तो आपल्या बायांच्या रक्ताचा, पोरांच्या वाढीचा आणि मजुरांच्या भुकेचा प्रश्न आहे.

आज घरी आलेल्याला चहा विचारला नाही तर माणूस दुखावतो. पण याच महाराष्ट्रात चहा घेतला म्हणून प्रायश्चित्त घेण्याची वेळ आली होती. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि शहरातली बरीच मंडळी जमली होती. समोर चहा आला. कुणी प्यायला, कुणी कप तसाच ठेवला. पुढे गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं जाहीर केली आणि पुण्यात मोठं ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभं राहिलं. तो वाद चहाच्या गुणदोषांचा नव्हताच, तो कुणाच्या हातचा घेतला याचा होता. मग १९०३ साली चहाच्या निर्यातीवर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. १९३० नंतरच्या मंदीत तर प्रचारक बाजारांत, गिरण्यांत, रेल्वे स्टेशनांवर जाऊन चहा कसा करायचा ते करून दाखवत. त्यानंतर गांधीजींनी आगाखान पॅलेसच्या बंदिवासात आरोग्यावर पुस्तक लिहिलं, त्यात चहातल्या टॅनिनला दोष दिला. आता त्याच चहाच्या डब्यावर 'अँटिऑक्सिडंटयुक्त' असं छापून येतं. शंभर-सव्वाशे वर्षांत चहा निषिद्ध झाला, माल झाला, व्यसन ठरला आणि आता औषध म्हणून विकला जातो आहे. अशा वेळी जाहिरात आणि धास्ती दोन्ही बाजूला ठेवून, नेमकं काय माहीत आहे ते पाहिलं पाहिजे.

काळा, हिरवा, ऊलाँग, पांढरा हे सगळे चहा एकाच झुडपाचे आहेत. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर. पान लगेच वाफवलं किंवा कढईत परतलं की त्यातली विकरं निष्क्रिय होतात, पान हिरवं राहतं आणि कॅटेचिन नावाची संयुगं टिकून राहतात. हा हिरवा चहा. पान सुकवून, चुरडून हवेत ठेवलं की कॅटेचिनचं रूपांतर थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिनमध्ये होतं. काळ्या चहाचा लालसर रंग आणि कडकपणा यांतूनच येतो. ऊलाँग मधल्या टप्प्यावर थांबवतात. पांढरा चहा कोवळ्या कळ्यांचा आणि पानांचा. आपल्या डब्यातली दाणेदार पत्ती ही काळ्या चहाचीच, फक्त दातेरी रुळांमधून काढलेली. ही सीटीसी पद्धत १९३० च्या सुमारास आसाममध्ये निघाली. थोड्या पत्तीत जास्त कप आणि दुधात न हरवणारा रंग, यामुळे ती गरिबाच्या चुलीपर्यंत पोचली.

आता फायद्यांचं. ब्रिटनमधल्या सुमारे पाच लाख प्रौढांच्या माहितीचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक लोक काळा चहा पिणारे होते. दिवसाला दोन किंवा अधिक कप घेणाऱ्यांमध्ये, अकरा-एक वर्षांच्या काळात, मृत्यूचा धोका चहा न पिणाऱ्यांपेक्षा ९ ते १३ टक्क्यांनी कमी दिसला. दूध-साखर घालणाऱ्यांतही कल तोच होता. जपानच्या ओसाकी भागात चाळीस हजारांवर लोकांचा अभ्यास झाला, तो २००६ साली छापून आला. हिरवा चहा भरपूर पिणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचे मृत्यू कमी आढळले, कॅन्सरच्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. चहा पिणाऱ्यांचं बाकीचं जगणंही वेगळं असू शकतं, त्यामुळे श्रेय एकट्या चहाला देता येत नाही. तरी एवढं खात्रीने म्हणता येतं की निरोगी प्रौढ माणसाला दिवसाचे दोन-तीन कप चहा अपायकारक नाहीत, झालाच तर थोडा फायदाच होतो. आणि हा फायदा महागड्या हिरव्या चहाचीच मक्तेदारी नाही, साध्या पत्तीच्या चहातही तो आहे.

हिरव्या चहाने वजन उतरतं, या आशेवर आपल्या शहरांत पुष्कळ पैसा जातो आहे. कोक्रेन या संस्थेने २०१२ साली उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा वजनातली घट इतकी किरकोळ निघाली की तिला वैद्यकीय महत्त्व देता येईना. हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्यांपासून तर सावधच राहा. दिवसाला ८०० मिलीग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी या कॅटेचिनची मात्रा गोळीतून घेतली तर यकृताला इजा झाल्याच्या खुणा दिसू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली बजावलं आहे. कपातला चहा आणि गोळीतला अर्क यांना एका मापाने मोजू नका.

आता मी आजच्या मुख्य मुद्द्याकडे येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना आणि पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. आधीच्या फेरीत हे आकडे ४८ आणि ५३.८ होते. म्हणजे आपण पुढे जाण्याऐवजी मागे आलो. याची कारणं पुष्कळ आहेत: कमी आहार, लागोपाठची बाळंतपणं, जंत, घरातल्या बाईने सगळ्यांत शेवटी जेवणं. पण एक कारण आपल्या चुलीवरच उकळत असतं आणि ते दूर करायला एक रुपयाही लागत नाही.

आपल्या ताटातलं लोह येतं ज्वारीतून, बाजरीतून, तुरीच्या वरणातून, हरभऱ्यातून, पालेभाजीतून. वनस्पतींतलं हे लोह मुळातच शरीरात कमी शोषलं जातं. भाकरीचा घास आणि चहाचा घोट पोटात एकत्र आले की चहातली पॉलिफेनॉल त्या लोहाला चिकटतात आणि आतड्याला शोषता येणार नाही असं संयुग तयार होतं. लोह पोटात जातं खरं, पण रक्तापर्यंत पोचत नाही. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी तिथल्या भारतीय वंशाच्या स्त्रियांवर हा प्रयोग केला. जेवण आपल्यासारखंच होतं, भात वगैरे. चहाबरोबर घेतल्यावर लोहाचं शोषण स्पष्टपणे घटलं. १९९९ सालच्या एका अभ्यासात काळ्या चहाने हे शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी कमी केलं. त्याच अभ्यासात दोन गोष्टी आणखी दिसल्या. दूध घातल्याने यात फारसा फरक पडत नाही. आणि पुदिन्याच्या चहानेही शोषण ८४ टक्क्यांनी घटलं. म्हणजे 'हर्बल' असं लिहिलेलं पाकीट आणलं म्हणून सुटका होत नाही.

आता आपल्या घरातली सकाळ डोळ्यांसमोर आणा. पोराला शाळेची घाई. आई कपात चहा ओतते, त्यात रात्रीची चपाती कुस्करते, नाहीतर हातात खारी किंवा बटर देते. पोरगं तेवढ्यावर शाळेत जातं. मग ती स्वतः उभ्याउभ्या अर्धा कप घेते. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी आठवली तर त्याच चहाच्या घोटाबरोबर गिळते. गरोदर बाईला १८० दिवस रोज एक गोळी द्यायची, अशी सरकारची योजना आहे. गोळी घरापर्यंत पोचते, हातात येते, तोंडातही जाते आणि शेवटच्या पायरीवर चहा तिचा बराचसा गुण अडवून धरतो. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन वाढलेलं दिसत नाही, तेव्हा बाई म्हणते, "गोळ्या मला लागू पडत नाहीत." दोष ना गोळीचा असतो ना तिचा. दोष वेळेचा असतो.

उपाय सोपा आहे. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा, आधी आणि नंतरही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात हेच सांगितलं आहे. लोहाची गोळी पाण्याबरोबर घ्या, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. जेवताना ताटात लिंबाची फोड, पेरू, आवळा, मोड आलेली मटकी असू द्या. क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणाला हात देतं. आणि लहान मुलांना चहा देऊच नका. तोच पैसा दुधाला, अंड्याला, शेंगदाण्याच्या लाडवाला लावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. चहा म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, आणि आपलं पाणी साधं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते दिवस आपण विसरलेलो नाही. तळी आटली की माणूस बोअरकडे वळतो, आणि बोअर जितकी खोल जाते तितके खडकातले क्षार पाण्यात येतात. जड पाण्याच्या चहावर थंड होताना जो तपकिरी तवंग धरतो, तो कॅल्शियम आणि चहातल्या पॉलिफेनॉलचा. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते न दिसणाऱ्या फ्लोराइडने.

नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात फ्लोरोसिसचा त्रास जुना आहे. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, मोठेपणी सांधे आणि पाठ आखडतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलीग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरी सोयच नसेल तर जास्तीत जास्त दीड. आता चहाचं झुडूप हे जमिनीतलं फ्लोराइड पानात साठवणारं झुडूप आहे. पान जितकं जून, तितकं ते जास्त. म्हणजे पाण्यातलं फ्लोराइड आणि पत्तीतलं फ्लोराइड यांची कपात बेरीज होते. उकळल्याने फ्लोराइड उडून जात नाही. पाणी आटतं आणि उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढतं. तिबेटकडच्या भागात जून पानांच्या विटेसारख्या चहाने फ्लोरोसिस झाल्याची नोंद आहे. अमेरिकेत एक बाई सतरा वर्षं रोज शंभर ते दीडशे पुड्यांचा कडक चहा पीत होती, तिची हाडं फ्लोरोसिसने बिघडल्याचं २०१३ साली प्रसिद्ध झालं. ते टोकाचं उदाहरण आहे. पण ज्या गावच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे दिवसभर उकळत ठेवलेला कडक चहा हा जादा भार आहे. अशा गावांत चहाही नळाच्या तपासलेल्या पाण्याचाच करा. ग्रामपंचायतीकडे पाण्याचा तपासणी अहवाल मागा. तो तुमचा हक्क आहे.

तिसरी गोष्ट साखरेची आणि भुकेची. हे मी सगळ्यांत कळकळीने सांगते आहे.

एका कपात दोन चमचे साखर म्हणजे आठ-दहा ग्रॅम. पाच कप झाले की चाळीस-पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे वरची साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. जेवणात एकही गोड पदार्थ नसताना नुसत्या चहाने आपण दुप्पट मजल मारतो. गुळाच्या चहाच्या पाट्या आता जागोजागी दिसतात. गूळ चवीला चांगला आहे, जरूर घ्या. पण मधुमेह्यासाठी तो साखरेहून सुरक्षित नाही. त्यातलं थोडंसं लोह म्हणाल, तर चहा तेही धरून ठेवतो.

पण ज्याच्या पोटात दुसरं काहीच नाही त्याने इतका गोड चहा का प्यावा, याचंही उत्तर द्यायला हवं. मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर या डोंगराळ तालुक्यांतून माणसं ऊसतोडीला जातात. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं, भाकरी थापायला वेळ नाही, तेव्हा गोड चहा हाच नाश्ता होतो. सोयाबीनच्या काढणीतही दुपारी बांधावर चहाची किटली येते आणि हात पुन्हा चालू लागतात. साखर तात्पुरती ताकद देते, कॅफिन थकवा झाकतं, भूक तासभर मरते. कॅफिन मेंदूत थकव्याचा निरोप देणाऱ्या ॲडिनोसिनची जागा अडवतं. थकवा जात नाही, फक्त कळेनासा होतो. स्नायूला लागणारी प्रथिनं आणि रक्ताला लागणारं लोह त्या कपात नाही. भुकेवर चहा पाजून काम करून घेणं ही आपल्या शेतीतली एवढी रुळलेली रीत आहे, की तिच्यात काही चुकीचं आहे असं आपल्याला वाटतही नाही. ते चूक आहे.

परीक्षेच्या कसून तयारीच्या 'लातूर पॅटर्न'मुळे नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत खेड्यापाड्यांतून हजारो मुलं शिकायला येतात. रात्री जागण्यासाठी त्यांचाही आधार चहाच. शरीरात गेलेल्या कॅफिनपैकी अर्धं जायला सरासरी पाच तास लागतात. रात्री दहाच्या चहातलं अर्धं कॅफिन पहाटे तीनलाही रक्तात असतं. वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत. पालकांनो, मुलाला तिसरा कप देण्यापेक्षा सात तास झोप द्या. गुण त्याने वाढतील.

आता बाकीच्या चहांकडे वळते. गवती चहा, तुळस, दालचिनी यांच्या नुसत्या काढ्यात कॅफिन नसतं. आपण मात्र त्यात पत्ती टाकतो, तेव्हा तो चहाच होतो. मळमळीवर आल्याचा गुण चाचण्यांतही दिसलेला आहे. मला खास सांगायचं आहे ते लाल अंबाडीबद्दल. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी हे आपलं जेवण. तिच्या फुलामागे जी लाल, आंबट बोंडं येतात, त्यांचा चहा जगभर पितात. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाने रक्तदाब किंचित चढलेल्या ६५ जणांवर त्याची चाचणी घेतली, ती २०१० साली प्रसिद्ध झाली. दिवसाला तीन कप, सहा आठवडे. वरचा रक्तदाब सरासरी सात अंकांनी उतरला, खोट्या पेयाच्या गटात तो एखाद्या अंकानेच उतरला होता. बोंडं सावलीत वाळवा, बिया काढा, उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं झाकून ठेवा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या, गोळ्या मनाने बंद करू नका. आणि जेवणापासून लांब ठेवण्याचा नियम इथेही लागू आहे.

शेवटची गोष्ट उष्णतेची. ६५ अंश सेल्सियसपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेच्या कॅन्सरचं संभाव्य कारण आहेत, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली नोंदवलं. इराणमधल्या गोलेस्तान प्रांतातल्या पन्नास हजार लोकांच्या अभ्यासात, ६० अंशांहून गरम चहा दिवसाला ७०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिणाऱ्यांत हा धोका सुमारे ९० टक्क्यांनी जास्त आढळला. आपले आजोबा बशीत चहा ओतायचे, फुंकर घालायचे, मग घोट घ्यायचे. पसरट बशीत वाफ निघून जाते आणि चहा झटकन उतरतो. ती बशी परत आणा. उलट, उकळता चहा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नेण्याची आजची पद्धत सोडून द्या. कागदी कपालाही आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. खरगपूर आयआयटीच्या चाचणीत अशा कपात गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवल्यावर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिककण उतरले. काचेचा ग्लास नीट धुऊन वापरणारा टपरीवाला आपला हितकर्ता आहे. सुट्या पत्तीची शंका आली तर ओल्या शोषकागदावर चिमूटभर पसरा. रंग लगेच ओघळला तर त्यात भेसळ आहे, असं समजा.

मित्रहो, चहा सोडा असं मी म्हणत नाही. लातूरच्या गंज गोलाईच्या सोळा रस्त्यांवर आणि नांदेडच्या हुजूर साहिबच्या लंगरात चहा माणसाला माणसाजवळ बसवतो, ते मोलाचं आहे. मी चार जणांकडे चार गोष्टी मागते. घरच्या मंडळींनी जेवण आणि चहा यांत तास ठेवावा आणि घरातल्या बाईने सगळ्यांबरोबर पानावर बसावं. आशाताई आणि अंगणवाडीताईंनी गोळी देताना 'चहाबरोबर नको' हे दर वेळी सांगावं. वसतिगृहांनी सकाळी चहाच्या आधी पोटभर नाश्ता द्यावा. आणि ज्यांच्या शेतात, कारखान्यात, बांधकामावर दुसऱ्याचे हात राबतात, त्यांनी किटलीबरोबर भाकरी, उसळ, निदान मूठभर शेंगदाणे-फुटाणे पाठवावेत. चहा मजुराला दिलेला मान आहे हे खरं, पण मजुराचं पोट भरायला अन्नच लागतं, आणि ते देणं आपल्याला परवडतं.